बोर्ड आणि डबा: दोघांनी मिळून करायचे एकच काम

[टेबलावर बोर्ड आणि पत्र्याचा डबा]

नमस्कार. हा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड आम्ही यंत्रमागावर बसवायच्या एका नियंत्रक उपकरणासाठी आखला होता आणि हा डबा इथेच, सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत वाकवून घेतला होता. दोन्ही वस्तू आपापल्या ड्रॉइंगप्रमाणे बिनचूक आहेत, तरीही झाकण बसत नाही. कारण बोर्डावरचा हा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, 25 मिलिमीटर उंच आहे आणि बोर्डापासून झाकणापर्यंत जागा आहे 23 मिलिमीटर.

सुरुवातीला 20 मिलिमीटरचा कपॅसिटर ठरला होता. परंतु सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो, बंद डब्यात तो आणखी चढतो, आणि अशा इलेक्ट्रोलिटिक प्रकारच्या कपॅसिटरचे आयुष्य तापमानाच्या दर 10 अंश वाढीमागे साधारण निम्मे होते. म्हणून बोर्ड आखणाऱ्याने जास्त उष्णता सोसणारा, पण उंच कपॅसिटर निवडला. निर्णय योग्यच होता. डबा आखणाऱ्याकडे मात्र जुनीच फाइल राहिली.

डब्याला हवेसाठी जाळी ठेवता आली नसती, कारण मागाजवळ उडणारी सुताची धूळ आत जाऊन बोर्डावर थर धरते. उष्णता पत्र्यातूनच बाहेर काढायची, तर तापणारा भाग पत्र्याला टेकेल अशा कडेलाच हवा, आणि ती कड कोणती हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवावे लागते.

[कॅमेरा स्क्रूच्या छिद्राजवळ]

आता हे छिद्र पाहा. एम3, म्हणजे 3 मिलिमीटर जाडीच्या, स्क्रूसाठी ते 3.2 मिलिमीटरचे आहे आणि मेकॅनिकल ड्रॉइंगमध्ये तेवढेच दिसते. पण वॉशर 7 मिलिमीटरचा असतो. त्याच्याखालून बोर्डावरची वीज वाहणारी तांब्याची रेघ गेली, तर मागाच्या सततच्या थरथरीने तिच्यावरचा वीजरोधक हिरवा लेप घासला जातो आणि रेघ थेट डब्याच्या पत्र्याशी जोडली जाते. तिच्यात 230 व्होल्ट असतील, तर पुढे काय होईल हे सांगायला नको. म्हणून छिद्राभोवतीचे मोकळे वर्तुळ पहिल्याच दिवशी दोन्ही ड्रॉइंगवर आले पाहिजे, आणि मोजमापाचा आरंभबिंदूही दोघांचा एकच हवा.

बोर्ड आणि डबा आखणाऱ्यांमध्ये माहितीच्या देवाणघेवाणीसाठी 1992 पासूनचा आयडीएफ नावाचा फाइल-आराखडा आहे, पण त्यात प्रत्येक भाग सरळ भिंतींच्या ठोकळ्यासारखा दिसतो. स्टेप या त्रिमितीय फाइलमध्ये खरा आकार मिळतो. तरी कालपासून काय बदलले हे तीही सांगत नाही. आयडीएक्स या आणखी एका फाइल-प्रकारात तेवढा बदलच पाठवता येतो आणि समोरचा तो स्वीकारतो किंवा नाकारतो. आमच्या कपॅसिटरची उंची अशी गेली असती, तर डबा वाकवण्याआधीच हरकत आली असती.

[दुसरा बोर्ड हातात]

या नव्या बोर्डावर तोच कपॅसिटर आडवा निजवला आहे. त्याच्या पायांना ताण बसू नये म्हणून तो चिकटवलाही आहे. आता झाकण लावतो. बसले.