सुरूर ते पोलादपूर: कृष्णेकाठून वर, सावित्रीकडे खाली

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सुरूरला उजवीकडे वळलं की हा राज्यमार्ग लागतो. वाई, पाचगणी, महाबळेश्वर करत तो थेट कोकणात पोलादपूरला उतरतो. सुरुवातीलाच ही जुनी वडाची झाडं, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या आणि खाली भर दुपारी पण गार सावली.

वाईत ढोल्या गणपतीसमोर कृष्णा भेटते. पुढे पसरणी, शाहीर साबळेंचं गाव, आणि मग घाट. वळणावळणावर मागं धोम धरणाचं पाणी दिसत राहतं.

वर महाबळेश्वर. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाचही नद्यांचा उगम इथलाच मानतात. कृष्णा निघते बंगालच्या उपसागराकडे आणि सावित्री अरबी समुद्राकडे, आणि आपला रस्ता या दोघींना जोडतो म्हणून हा रस्ता समजायचा तर आधी पाणी समजून घ्यायला हवं.

इथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. पठारावर जांभा दगड, तो पाणी पिऊन घेतो, खाली काळा कातळ लागला की तेच पाणी डोंगराच्या कुशीतून झिरपत बाहेर येतं.

आता आंबेनळी घाटाने खाली उतरू. मधे कोयनेचं खोरं, वाडा कुंभरोशीला प्रतापगडचा फाटा, आणि त्याच्यापुढे ही मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे जायची वाट, बघा, जवळून बघा. तोंडाशी मुरूम, कुजका पाला, एक प्लास्टिकची बाटली आणि डोक्याएवढा धोंडा. एवढंच पुरतं. पाण्याला खालून वाट मिळाली नाही की ते रस्त्यावर येतं, डांबराच्या कडेने धावतं, साइडपट्टी खातं, मग डांबराखालची खडी ओढून नेतं आणि वरून रस्ता धड दिसत असला तरी आतून पोकळ झालेला असतो. रुंदीकरण करा, जरूर करा, पण आधी प्रत्येक मोरी मोकळी आणि मोठी करा, कारण घाटाचा रस्ता मोरीवर टिकतो.

जुलै 2021 मध्ये आंबेनळी घाट जागोजागी तुटला, वाहतूक बंद पडली.

आम्ही शूट करत होतो तेव्हा दोन कामगार फावडं आणि पहार घेऊन याच मोरीशी भिडले होते. धोंडा हलला, गढूळ पाणी एकदम सुटलं आणि रस्त्याखालून पलीकडे, सावित्रीच्या दिशेने गेलं.