शून्य मिलिमीटर

(पडद्यावर: महसूल मंडळांच्या पावसाच्या नोंदींचा तक्ता)

लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या मंडळाचा तक्ता घ्या. रकान्यात 0 आहे, म्हणजे पर्जन्यमापक पाहिला आणि पाणी पडलेलं नव्हतं. रकाना कोरा आहे, म्हणजे नोंदच आली नाही. सोयाबीन शेंगा भरायला आलं असताना या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

आता हा तक्ता वाचणाऱ्या प्रोग्राममधली, जावास्क्रिप्ट भाषेतली ही आटोपशीर ओळ:

नोंद = पाऊस || सरासरी;

लिहिणाऱ्याच्या मनात होतं, नोंद नसेल तर सरासरी धरायची. पण या दोन उभ्या रेघा डावीकडची किंमत खरी की खोटी एवढंच बघतात आणि शून्य खोट्यात जमा करतात. सरासरी 6 मिलिमीटर धरा. वीस दिवस थेंब नाही, तरी तक्त्यात 120 मिलिमीटर! पावसाचा खंड कागदावरून पुसला गेला. प्रोग्राम कुठेच अडत नाही, म्हणून चूक सापडतही नाही. पायथॉन भाषेतला 'ऑर' असाच वागतो.

2020 मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रमाणात दोन प्रश्नचिन्हं आली:

नोंद = पाऊस ?? सरासरी;

इथे डावीकडे नल किंवा अनडिफाइन्ड, म्हणजे किंमतच नाही असं असेल तरच सरासरी येते. शून्य शून्यच राहतं. तेवढ्यावर भागत नाही, कारण सीएसव्ही फाइलमधला (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाइल) कोरा रकाना बहुतेकदा रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर म्हणून येतो. तिच्या आधी अधिकचं चिन्ह लावून आकडा करायला गेलं, की ती गुपचूप 0 होते. न आलेली नोंद कोरडा दिवस बनते. इथे सरळ चार ओळींचा इफ-एल्स (असं असेल तर हे, नाहीतर ते) लिहावा: स्ट्रिंग रिकामी असेल तर 'नोंद नाही', एरवी आकडा.

(पडद्यावर: एकात एक प्रश्नचिन्हं)

मिमी > 65 ? "अतिवृष्टी" : मिमी > 0 ? "पाऊस" : "कोरडा"

प्रश्नचिन्हाआधी अट; ती खरी ठरली तर लगेचचं उत्तर, नाहीतर : नंतरचं. जावास्क्रिप्टमध्ये 80 दिले तर उत्तर 'अतिवृष्टी'. अशीच बिनकंसाची ओळ पीएचपी भाषेच्या आवृत्ती 7 मध्ये डावीकडून जोडली जायची: पहिल्या भागाचं उत्तरच दुसऱ्या प्रश्नचिन्हाची अट बनायचं, ते खरं धरलं जायचं आणि शेवटी निघायचं 'पाऊस'. पीएचपी 8 ती ओळ चालवतच नाही, आणि ते योग्यच झालं.

बेरीज += पाऊस (आधीच्या बेरजेत पाऊस मिळवा) मात्र पाऊस हा आकडाच असेल तर खुशाल लिहा; स्ट्रिंग असेल तर जावास्क्रिप्ट बेरीज न करता मजकूर जोडतं.

बाकी कुठल्याही आखूड ओळीला तीन किंमती देऊन बघा: 0, रिकामी स्ट्रिंग आणि 80. उत्तरं यायला हवीत कोरडा, नोंद नाही, अतिवृष्टी.