मूळ दिग्दर्शकाचं मत आणि त्याच्या हातातला कागद

एखाद्या दिग्दर्शकाने आपल्या जुन्या सिनेमाच्या सिक्वेलला नावं ठेवली, की आपण त्यात कलावंताची तळमळ पाहतो. त्याने कौतुक केलं, की मनाचा मोठेपणा पाहतो. माझं म्हणणं असं, की मत ऐकण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. हक्क कोणाच्या नावावर आहेत आणि नव्या सिनेमात या माणसाचा वाटा काय आहे.

‘एलियन’ घ्या. १९७९ सालचा, अंतराळयानात शिरलेल्या परग्रहावरच्या प्राण्याचा भयपट. कथा डॅन ओबॅनन आणि रोनाल्ड शुसेट यांची, पटकथा ओबॅननची. तिच्यावर हात फिरवला वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर या निर्मात्यांनी. प्राण्याचं रूप एच. आर. गीगरचं. रिडली स्कॉट हे नेमलेले दिग्दर्शक. यातला ‘मूळ’ कोण म्हणायचा? कायद्याच्या नजरेत स्कॉट तर नक्कीच नाहीत. १९८६ला त्याचा सिक्वेल ‘एलियन्स’ जेम्स कॅमेरॉनकडे गेला तेव्हा आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही, हे स्कॉट यांनी पुढे बोलून दाखवलं आहे.

आता त्या दोन सिनेमांतली एकच जागा जवळून पाहू. स्कॉट यांनी एक प्रसंग चित्रित केला होता. यानाच्या तळाशी नायिका रिप्लीला कॅप्टन डॅलस सापडतो, कोशात अडकलेला. शेजारच्या ब्रेट या सहकाऱ्याचं तर अंडं होत आलेलं असतं. म्हणजे एकटा एलियन माणसांपासूनच अंडी तयार करतो, त्याला अंडी घालणाऱ्या राणीची गरज नाही. शेवटच्या धावपळीचा वेग तुटतो म्हणून प्रसंग कापला गेला आणि ‘अंडी घालतं कोण?’ हा प्रश्न मोकळा राहिला. कॅमेरॉननी नेमकी तीच मोकळी जागा हेरली आणि तिथे राणी बसवली. पुढे २००३च्या आवृत्तीत स्कॉट यांचा कापलेला प्रसंग परत आला, आणि एकाच प्राण्याची दोन जीवनचक्रं पडद्यावर नांदू लागली. २०१७च्या ‘कॉव्हेनंट’मध्ये स्कॉट यांनी या प्राण्याची पैदास थेट डेव्हिड या यंत्रमानवाच्या पदरात टाकली. हे मी तरी कॅमेरॉनना दिलेलं उत्तर म्हणून वाचतो. (आणि उत्तर फसलं, असंही मला वाटतं. जो प्राणी कुठून आला हे कळत नव्हतं म्हणून भीती वाटायची, त्याचा जन्मदाखलाच हातात आला.)

सिक्वेलला अशी मोकळी जागा लागते. क्रॉसओव्हरचं, म्हणजे दोन मालिका एकाच सिनेमात आणण्याचं, दुखणं वेगळं: दोन प्राण्यांचे नियम एकाच घड्याळात बसवावे लागतात. १९९०च्या ‘प्रेडेटर २’मध्ये प्रेडेटर या परग्रहावरच्या शिकाऱ्याच्या यानातल्या कवट्यांत एक एलियनची कवटी दिसते. गंमत म्हणून ती छान होती. २००४च्या ‘एलियन व्हर्सेस प्रेडेटर’मध्ये त्या गमतीचा अख्खा सिनेमा झाला. एलियन अंधारात, कमीत कमी दिसला तर भीती वाटते. प्रेडेटरची गंमत त्याच्या शस्त्रांत आणि शिकारीच्या शिस्तीत, म्हणजे तो दिसायला हवा. दोघांना समोरासमोर आणायचं तर एलियनची वाढ घाईने उरकावी लागते, तो उजेडात येतो आणि भक्ष्य होतो. माणसं उरतात ती निव्वळ साक्षीदार म्हणून. त्यात अमेरिकेत लहान मुलांच्या पालकांना सावध करणाऱ्या, पण मुलांना बंदी न घालणाऱ्या पीजी-१३ प्रमाणपत्रासाठी रक्तपातही आवरलेला.

या सिनेमाची कुणकुण लागली तेव्हा कॅमेरॉन आणि स्कॉट यांच्यात पाचव्या ‘एलियन’ची बोलणी चालू होती. कॅमेरॉननी अंग काढून घेतलं. अशा जोडकामाने मालिकेची पत जाईल, असं त्यांचं मत. नंतर मात्र सिनेमा पाहिल्यावर त्यांनीच त्याला पाच एलियनपटांत तिसरा क्रमांक दिला. स्कॉट यांनी वाद न घालता, २०१२च्या ‘प्रोमिथियस’मध्ये एलियनपटांतल्या वेलँड कंपनीला वेगळाच संस्थापक देऊन २००४च्या सिनेमाने रचलेला इतिहास बाजूला सारला.

‘टर्मिनेटर’मध्ये कागदाचं महत्त्व आणखी स्पष्ट दिसतं. कॅमेरॉननी हक्क निर्माती गेल अ‍ॅन हर्ड यांना एका डॉलरला विकले, दिग्दर्शन आपल्याकडेच राहावं एवढ्यासाठी. पहिला सिनेमा मिळाला, मालकी गेली. २००३चा तिसरा भाग त्यांच्याविनाच निघाला. २०१५च्या ‘जेनेसिस’चं त्यांनी प्रसिद्धीच्या वेळी तोंडभर कौतुक केलं. २०१९ला ‘डार्क फेट’चे निर्माते झाल्यावर कथा थेट दुसऱ्या भागापासून पुढे नेली, म्हणजे ‘जेनेसिस’ रद्दच. आधीचं कौतुक श्वार्झनेगरच्या मैत्रीपोटी होतं, हा खुलासाही नंतर आलाच.

याउलट रॉबर्ट झेमेकिस आणि बॉब गेल. ‘बॅक टू द फ्युचर’ला नवा भाग किंवा रीमेक नाही, निदान आम्ही जिवंत असेपर्यंत, हे ते निवांतपणे सांगू शकतात, कारण करार त्यांच्या बाजूने आहे.

अमेरिकी कायद्यात एक खिडकी आहे. लेखकाने स्वतंत्रपणे लिहिलेली पटकथा विकली असेल, तर ३५ वर्षांनंतर तो हस्तांतरण रद्द करू शकतो. नोटीस किमान दोन वर्षं आधी द्यावी लागते. स्टुडिओच्या पगारावर केलेल्या कामाला हे लागू नाही. म्हणून नेमलेल्या दिग्दर्शकाला या खिडकीचा सहसा उपयोग नसतो. ‘प्रेडेटर’चे लेखक जिम आणि जॉन थॉमस यांनी २०२१ला याच आधारे, मालिकेचे हक्क असलेल्या डिस्नेविरुद्ध दावा लावला होता. पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला, आणि ‘प्रेडेटर’चे नवे भाग डिस्नेकडूनच येत राहिले.