बादलीतली बोय आणि खाडीतला जिताडा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मुंबईत मासा म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बाजारातली पाटी उभी राहते, फार तर ससून गोदीवरचा पहाटेचा लिलाव. आज मला बोलायचे आहे ते पाण्यात असलेल्या आणि दुसऱ्या माशाच्या मागावर असलेल्या माशाविषयी. म्हणजे जिताडा, सुरमई, घोळ, रावस, तांबोशी अशा शिकारी माशांविषयी, आणि छोट्या होडीतून जिवंत आमिष लावून त्यांना गळाने कसे धरतात याविषयी. माझे सांगणे मुळात एकच आहे. या मासेमारीत काठी, दोरी आणि गळ यांच्या आधी बादलीतल्या छोट्या माशाचा विचार करावा लागतो. तो छोटा मासा नुसता जिवंत असून भागत नाही, तो तरतरीत असावा लागतो.

सुरमई साफ करताना तिच्या कुशीवर गालफडापासून शेपटीपर्यंत गेलेली बारीक रेघ आपण सर्वांनी पाहिलेली आहे. ती रेघ म्हणजे माशाचे एक इंद्रियच आहे, आणि पाण्यात उठणारी हालचाल व कंप मासा तिच्यामार्फत ओळखतो. आपल्या खाड्यांचे पाणी गाळाने इतके गढूळ असते की हातभर अंतरावरचेही नीट दिसत नाही. अशा पाण्यात शिकारी माशाला भक्ष्य सापडते ते बव्हंशी या कंपांच्या आधाराने. म्हणून गळाला लावलेली बोय, म्हणजे आमिषाचा तो खाडीतला छोटा मासा, जोपर्यंत जोमाने पोहते आहे, तोपर्यंत ती दूरवर वर्दी देत असते; ती मलूल होऊन तळाशी बसली की तिच्याकडे शिंगाळा आणि खेकडे येतात, आणि शिंगाळ्याचा काटा हाताला लागला तर त्या दिवसाची मासेमारी तिथेच संपते.

बोय तरतरीत ठेवण्याच्या गोष्टी साध्या आहेत, पण त्या कसोशीने पाळाव्या लागतात. बादलीत पाणी खाडीचेच घ्यावे, नळाचे कधीही घेऊ नये, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशाला मारते आणि बोय खाऱ्या-मचूळ पाण्यातून आलेली असते. पाणी तापू देऊ नये. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. बादलीत दाटी करू नये, आणि माशाला कोरड्या हाताने धरू नये, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की तो फार वेळ टिकत नाही. पुन्हा सांगतो: पाणी खाडीचे, पाणी गार, मासे थोडे, हात ओले. घरच्या काचेच्या टाकीत लावतात तसला बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मिळतो, तो जरूर घ्यावा. लोक परदेशी काठीवर हजारो रुपये घालतात आणि पंपाच्या खर्चाला मागेपुढे पाहतात, हे मला मनापासून चुकीचे वाटते.

हे सगळे मी ज्यांच्याकडून शिकलो, त्या मुंबईतल्याच मनोरीच्या खाडीतल्या एका वयोवृद्ध नाखव्यांची, म्हणजे होडी चालवणाऱ्या कोळ्यांची, एक सकाळ आपल्याला सांगतो.

मे महिन्याचे अखेरचे दिवस होते आणि तिथी पंचमी होती. आपल्याकडच्या किनाऱ्यावर जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ साधारण मिळते. पंचमीला ती पावणेचारच्या सुमारास येते. हा हिशेब मुंबईच्या शाळांत मुलांना शिकवला पाहिजे, असे माझे जुने मत आहे; समुद्राला लागून वाढणाऱ्या मुलाला आज भरती किती वाजता आहे हे कॅलेंडरवरची तिथी बघून सांगता यावे. तर त्या दिवशी भरती फिरून पाणी उतरू लागले होते, उजाडायला अवकाश होता, आणि नाखवा गुडघाभर पाण्यात उभे राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, टाकत होते. पाग गोल उघडून पाण्यावर पडला की ते त्याची दोरी सावकाश ओढत, आणि आत सापडलेल्या बोयी बाहेर न काढता पाग पाण्यातच धरून एकेक बोय निरखत. जिचे खवले निघाले होते, जिच्या डोळ्याला लागले होते, ती सोडून देत. वीतभर लांबीच्या, अंगाने निर्दोष अशा मोजक्याच बोयी त्यांनी ओंजळीत पाण्यासकट उचलून बादलीत सोडल्या आणि बादलीवर ओले गोणपाट टाकले.

माझे मेहुणे बरोबर होते. खाडीला तिवरांतून एक लहानसा ओहोळ येऊन मिळतो, त्याच्या तोंडासमोर, पण काठापासून दूर, मध्यप्रवाहात नाखव्यांनी नांगर टाकला. ओहोटीचे पाणी तिवरांतून बाहेर पडते तेव्हा आत चरायला गेलेली कोळंबी आणि लहान मासे त्याच्याबरोबर बाहेर येतात, आणि जिताडा त्या तोंडाशी, प्रवाहाच्या आडोशाला, वाट पाहत उभा असतो. तिवरे तोडून तिथे भराव घालणाऱ्यांना हे ठाऊक नसते की त्या मुळांमध्येच आपल्या ताटातल्या कितीतरी माशांचे बालपण जाते. पण तो विषय मोठा आहे.

नाखव्यांनी बोयीच्या वरच्या ओठातून गळ घातला. वाहत्या पाण्यात ओठातूनच गळ घालावा, म्हणजे तिचे तोंड प्रवाहाकडे राहते आणि ती श्वास घेऊ शकते. थांबलेल्या पाण्यात मात्र पाठीच्या पंखाच्या पुढे, कण्याच्या वरच्या मांसातून घालावा. दोरीला एक बूच बांधले होते, शिसे लावले नव्हते. बूच ओहोळाच्या तोंडाकडे सरकू लागले आणि मेहुणे काठी धरून बसले. थोड्या वेळाने नाखव्यांनी दोन बोटांत तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, धरून पाहिली आणि म्हणाले, “बोय दमली. हिला काढा.” बोय जिवंत होती, शेपटी हलवत होती. तरी त्यांनी ती काढून पाण्यात सोडली आणि बादलीतली दुसरी लावली. पुन्हा तेच झाले. चांगले आमिष वाया जाते आहे असे मेहुण्यांना वाटले आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. नाखवा शांतपणे म्हणाले, “साहेब, आपल्याला ती जिती दिसते. जिताड्याला ती दिसली पायजे.”

पुढची बोय मात्र पाण्यात पडताच दोरी घेऊन आडवी धावली. नाखव्यांनी या वेळी तंगूस माझ्या बोटांत दिली. आधी एका लयीत बारीक ओढ लागत होती. मग ती लय मोडली. बोय डावीउजवीकडे झटके देऊ लागली, बूच थरथरले आणि एकदा प्रवाहाच्या उलट दिशेला सरकले. “भ्याली,” नाखवा कुजबुजले, “तो आलाय.” त्यानंतर पाण्यावर ‘धप्’ असा जाड आवाज झाला. जिताडा तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो, त्याचा तो आवाज असतो.

मेहुणे झटका मारायला उठले आणि नाखव्यांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. गळ गोलाकार वळलेल्या टोकाचा होता, आणि अशा गळाला झटका द्यायचाच नसतो. मासा वळून निघाला की दोरी हळूहळू ताणायची, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तसेच झाले. जिताड्याने पाण्याबाहेर उसळी घेतली, गालफडे फाकवून डोके झटकले, आणि मग तो सरळ तिवरांच्या मुळांकडे सुटला. तिथे पोचला असता तर तंगूस शिंपल्यांवर घासून तुटलीच असती. नाखव्यांनी काठीला हात लावला नाही. त्यांनी नांगराची दोरी हातावर हात टाकत ओढायला सुरुवात केली, होडी मध्यप्रवाहाकडे सरकली, आणि होडीबरोबर मासाही मुळांपासून दूर आला. नांगर काठापासून दूर का टाकला होता, ते तेव्हा आमच्या लक्षात आले.

हातभर लांबीचा, रुपेरी अंगाचा आणि लालसर चमकणाऱ्या डोळ्यांचा तो जिताडा किनाऱ्यावर नाखव्यांच्या पत्नीने कापला. त्याच्या पोटात आधी गिळलेल्या दोन बोयी निघाल्या, आणि दोघींचीही डोकी जिताड्याच्या शेपटीच्या बाजूला होती. नाखव्यांनी त्या आम्हाला मुद्दाम दाखवल्या. जिताडा भक्ष्य डोक्याकडून गिळतो, म्हणजे पंखांचे काटे मिटतात आणि घशात अडकत नाहीत; त्याला भक्ष्य फिरवून घ्यायला क्षणभर अवधी लागतो, आणि तो अवधी त्याला द्यावा लागतो. पुन्हा सांगतो: आवाज झाला की थांबायचे, दोरी चालू लागली की ताणायचे. त्या दिवशी जिताड्याचे जे कालवण झाले त्यात हळद, मिठाशिवाय फक्त तिखट आणि कोकम होते. इतक्या गोड माशाला नारळाचे दाट वाटण लावू नये, असे मला ठामपणे वाटते.

सुरमईची गोष्ट वेगळी आहे. ती बाहेरच्या, जरा निवळ पाण्यात, अलिबागजवळच्या खांदेरी-उंदेरी बेटांच्या बाजूच्या खडपांजवळ पावसाळ्यानंतर मिळते आणि तिच्यासाठी जिवंत बांगडा लावतात. ती भक्ष्य सबंध गिळत नाही, धारदार दातांनी मागून शेपटी कापून नेते. म्हणून दोरीच्या टोकाला पोलादी तार हवी आणि बांगड्याच्या शेपटीजवळ दुसरा छोटा गळ हवा. बाकी नियम तोच, बांगडा तरतरीत हवा. आणि बांगडा बोयीपेक्षा नाजूक असल्यामुळे बादलीतले पाणी अधिक वेळा बदलावे लागते.

एक विनंती आहे. जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फार मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात. पावसाच्या तोंडावर त्या अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतात. हौसेने गळ टाकणाऱ्यांनी अशी मोठी मादी लागली तर तिला होडीत न घेता, पाण्यातच धरून गळ काढावा आणि ती स्वतःहून शेपटी मारीपर्यंत तिचे तोंड प्रवाहाकडे धरून ठेवावे.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि त्या दिवसांत छोटी होडीही पाण्यात घालण्याजोगा समुद्र नसतो. नारळी पौर्णिमेनंतर पाणी शांत झाले की नाखव्याला विचारूनच बाहेर पडावे, अंगात जीवरक्षक जाकीट असावे, आणि पाऊस नुकताच सरला असताना खाडीच्या वरच्या भागात पाणी अजून गोडसर असेल तर बादली तिथे न भरता मुखाजवळ, जिथे बोयी धरल्या तिथल्याच पाण्याने भरावी.

नमस्कार.