हिरव्या दगडांचा खण

(पडद्यावर: सड्यावर कोसळणारा पाऊस. कॉलेजची जांभ्याची इमारत. ओला व्हरांडा.)

आषाढातली रत्नागिरी. सड्यावरून पाण्याचे पाट वाहतायत आणि कॉलेजच्या व्हरांड्यात छत्र्यांची रांग लागली आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. तळमजल्यावर अगदी टोकाला भूशास्त्राचा विभाग. बाहेरचा माणूस सहसा इथवर येत नाही. यायला हवा. पाठ्यपुस्तकात ज्यांची नुसती नावं भेटतात, ते दगड इथल्या सागवानी कपाटांत ठेवलेले आहेत.

(पडद्यावर: कपाटाचं कुलूप, किल्ल्यांचा जुडगा, खण बाहेर घेणारे हात.)

हे काका प्रयोगशाळा सांभाळतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि खण अडकतात. जोर लावला तर आतले दगड एकमेकांवर आपटतील, म्हणून काका आधी डावीकडून खण किंचित उचलतात आणि मग हळूच बाहेर घेतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

हा हिरव्यांचा खण. पट्ट्यापट्ट्यांचा मॅलाकाइट आहे. आपल्याच बेसाल्टच्या पोकळीतून निघालेला, मातकट हिरवा सेलाडोनाइट आहे. पुण्याकडचा फिकट हिरवा अपोफिलाइट आहे, त्याच्या काचेसारख्या स्फटिकांवर कॅमेरा अंमळ जास्तच रेंगाळला आहे. आणि खणाच्या कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या डबीत, कापसावर ठेवलेला हा अंगठ्याएवढा दगड.

जरा जवळून बघू. पांढऱ्या गारेला एक भेग आहे. भेगेच्या आत सुईसारखे बारीक स्फटिक दाटीने उभे आहेत. उजेड समोरून पडला की काळपट हिरवे, बाजूने पडला की पिवळसर. काही ठिकाणी सुया इतक्या बारीक आहेत की त्यांचा रेशमी पुंजका झाला आहे. डबीत शाईच्या पेनाने लिहिलेली चिठ्ठी आहे. तीन शब्द. ऑलिव्हेनाइट, ग्वेनॅप, कॉर्नवॉल. खनिजाचं नाव, आणि ते जिथे सापडलं तो इंग्लंडमधला भाग.

ऑलिव्हेनाइट म्हणजे तांब्याचं आर्सेनेट, तांबं आणि आर्सेनिक-ऑक्सिजनचा गट यांचं संयुग. तांब्याचे दोन अणू, एक आर्सेनेट गट, एक हायड्रॉक्सिल, एवढंच त्याचं रासायनिक संघटन. स्फटिक एकनत, म्हणजे त्याच्या तीन अक्षांमधला एक कोन तिरका, पण तो काटकोनाच्या इतका जवळ की पुष्कळ काळ हा स्फटिक समचतुर्भुजी, म्हणजे तिन्ही कोन काटकोन असलेलाच समजला गेला. कठिनता १० पैकी ३. विशिष्ट गुरुत्व ४.४ च्या आसपास, म्हणजे शेजारच्या गारेपेक्षा दीडपटीहून जड. ऑलिव्हच्या फळाच्या रंगावरून हे नाव १८२० मध्ये रॉबर्ट जेमसन यांनी रूढ केलं.

(पडद्यावर: टेबलाभोवती विद्यार्थी. हातमोजे, मास्क. चिनी मातीची पांढरी तबकडी.)

मूळ नमुन्याला इथे कुणी ओरखडा काढत नाही. डबीच्या तळाशी गळून पडलेल्या कण्या एका छोट्या बाटलीत जपून ठेवल्या आहेत, चाचणी होते ती त्यांच्यावर. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून एकदा येणारे सर समोर बसले आहेत. मुलगी म्हणते, "सर, हा मॅलाकाइटच असणार." सर म्हणतात, "असणार म्हणू नकोस. थेंब टाक आणि बघ."

आधी मॅलाकाइटची कणी. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडतो आणि लगेच बुडबुडे फसफसून वर येतात. मॅलाकाइट कार्बोनेट आहे, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. आता कोपऱ्यातल्या डबीतली कणी. थेंब पडला. काहीच नाही. मुलगी भिंग खाली आणते, पुन्हा बघते. एकही बुडबुडा नाही. मग बिनचकाकीच्या तबकडीवर कणी घासली जाते, तिचा कस ऑलिव्ह-हिरवा उमटतो. नखाने ओरखडा उठत नाही, सुरीच्या टोकाने सहज उठतो.

पूर्वी याच टेबलावर आणखी एक चाचणी व्हायची. कोळशावर कणी ठेवायची, फुंकनळीने ज्योत तिच्यावर वळवायची आणि वास घ्यायचा. लसणासारखा उग्र वास आला की आर्सेनिक आहे हे नक्की. तो धूर म्हणजे सोमल, म्हणून ही चाचणी आता बंद आहे.

(पडद्यावर: परसातली तांब्याची घागर, गळ्याशी हिरवा थर.)

हिरवा रंग बघून विद्यार्थी हमखास फसतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कॉलेजच्या मागच्या वाडीतल्या या घागरीला धरलेलं जंगाल बघा. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा यांनी तांब्यावर हिरवी कार्बोनेटं धरतात. किनाऱ्यावर खारा वारा असतो, म्हणून इथे क्लोराइडंही धरतात, तीही हिरवीच. जमिनीखाली तांब्याला फॉस्फेट भेटलं तर लिबेथेनाइट आणि स्यूडोमॅलाकाइट, आर्सेनेट भेटलं तर ऑलिव्हेनाइट, कॉर्नवॉलाइट, युक्रोआइट. सगळी हिरवी. रंगावरून एवढंच कळतं की आत तांबं असावं. त्याच्या जोडीला कोण आहे आणि अणूंची मांडणी कशी आहे, ते शोधून काढावं लागतं.

(पडद्यावर: चिरेखाण. कापणी यंत्राचं पातं, लाल धूळ, रचलेले चिरे.)

हा हिरवा दगड जमिनीत तयार कसा होतो, हे समजून घ्यायला आम्ही मुलांबरोबर चिरेखाणीवर गेलो. पाऊस थांबला होता तेव्हाचं हे चित्रीकरण आहे. मुळात इथे काळा बेसाल्ट होता, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ऊन, पाऊस आणि झिरपणारं पाणी यांनी त्यातली सिलिका धुऊन नेली. मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंडाने जांभ्याला हा तांबडा रंग दिला, आणि दापोलीच्या बाजूला ॲल्युमिनियम साचून बॉक्साइट झालं. वरून पाणी मुरतं, खालचा खडक बदलतो आणि बदललेल्या पदार्थांची नवी खनिजं बनतात. कोकणातल्या मुलाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही, त्याचं घरच या प्रक्रियेतून निघालेल्या दगडाचं असतं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, पाणी असंच मुरलं. तिथला खडक मात्र वेगळा. ग्रॅनाइट वर घुसला, त्याच्याभोवतीच्या भेगांतून उष्ण द्रव फिरले आणि तांबं, कथील, आर्सेनिक यांची खनिजं त्या भेगांत शिरांसारखी साचली. खोलवर ही खनिजं गंधकाबरोबर बांधलेली असतात: चाल्कोपायराइट, टेनन्टाइट, आर्सेनोपायराइट. शिरेचा वरचा भाग हवा आणि पावसाच्या पाण्याच्या तावडीत सापडला की गंधकाची पकड सुटते. तांबं पाण्यात उतरतं. आर्सेनिकाला ऑक्सिजन मिळतो, त्याचं आर्सेनेट होतं. जवळच्या एखाद्या पोकळीत दोघांची गाठ पडते. पाणी किती आम्लधर्मी आहे, तांबं किती आहे, सोबत ॲल्युमिनियम, लोखंड, जस्त की कॅल्शियम आहे, यावरून तिथे कोणतं खनिज धरणार ते ठरतं. थोडा फरक पडला की खनिज बदलतं, म्हणून एका हाताएवढ्या दगडावर कधी कधी तीन-चार आर्सेनेटं शेजारी शेजारी सापडतात.

आपल्या बेसाल्टमध्ये पोकळ्या भरपूर आहेत, पण अशा शिरा नाहीत. त्या पोकळ्यांत झिओलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारी सिलिकेट खनिजं आहेत. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात जुने खडक वर येतात, रेडीला लोहखनिज आणि कणकवलीजवळ क्रोमाइट आहे. तांब्याची आर्सेनेटं बघायची तर मुलांना या डबीशिवाय दुसरा आधार नाही.

(पडद्यावर: फळ्यावर सरांचा हात, खडूने काढलेले चौकोन.)

खनिजांची विभागणी करताना ऋणभारित गट कोणता, हे आधी पाहतात. जर्मन खनिजशास्त्रज्ञ श्ट्रुन्झ यांच्या वर्गीकरणात आठवा वर्ग फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट यांचा. तिघांचा एकच वर्ग, कारण फॉस्फरस, आर्सेनिक आणि व्हॅनेडियम चार ऑक्सिजनांच्या मध्ये सारख्याच रीतीने बसतात आणि एकमेकांची जागा घेऊ शकतात. पुढचा प्रश्न, हायड्रॉक्सिलसारखा जादा गट आहे का? त्यापुढचा, पाण्याचे रेणू आहेत का? ऑलिव्हेनाइटमध्ये हायड्रॉक्सिल आहे, पाणी नाही. युक्रोआइटमध्ये दोन्ही आहेत, म्हणून तो वेगळ्या उपवर्गात.

एवढ्यावर भागत नाही. कॉर्नवॉलाइटचं वर्णन १८४६ मध्ये प्रागच्या झिप्पे यांनी केलं. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, लंडनच्या संशोधकांनी क्ष-किरणांच्या मदतीने दाखवलं की अगदी त्याच संघटनाचं दुसरंही एक खनिज आहे. घटक तेच, प्रमाण तेच, मांडणी निराळी. कॉर्नवॉलाइट एकनत, हा त्रिनत, म्हणजे अक्षांमधले तिन्ही कोन तिरके. त्याला कॉर्नुबाइट म्हणतात. दोन्ही हिरवे, आणि साध्या डोळ्यांना बहुतेक वेळा सारखेच.

(पडद्यावर: लॅपटॉपवर पाचूसारख्या हिरव्या स्फटिकांचा फोटो. मुलांचे चेहरे.)

आता ज्याच्यासाठी हा माहितीपट करावासा वाटला, तो दगड. सरांच्या लॅपटॉपवर त्याचा फोटो आहे. केर्नोवाइट.

ग्वेनॅप परगण्यातच सेंट डे गावाजवळ व्हील गोरलँड नावाची खाण होती. तिच्यातून निघालेल्या तांब्याच्या आर्सेनेटांनी जुन्या संग्राहकांना वेड लावलं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इंग्लंडमध्ये आलेले काउंट द बुर्नों यांनी या स्फटिकांचं वर्णन केलं, रिचर्ड शेनेव्हिक्स यांनी त्यांचं रासायनिक विश्लेषण केलं, आणि १८०१ मध्ये दोन्ही रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्या स्फटिकांत आभाळी निळा लिरोकोनाइटही होता: तांबं, ॲल्युमिनियम, आर्सेनेट आणि पाणी. काही नमुने हिरवे असत. ती लिरोकोनाइटचीच हिरवी छटा, असं सगळे धरून चालले.

असाच सुमारे २२० वर्षांपूर्वी खाणीतून काढलेला एक हिरवा नमुना लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये होता. तिथले खनिजशास्त्रज्ञ माइक रम्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला, तेव्हा ॲल्युमिनियमच्या जागी लोखंड निघालं. जांभ्याच्या भिंतीतले काही चिरे काढून तिथे काळा दगड बसवला तरी भिंतीची रचना तीच राहते, तसंच हे. पण त्या जागांवर निम्म्याहून अधिक वाटा लोखंडाचा झाला, की आंतरराष्ट्रीय खनिजवैज्ञानिक संघटनेच्या नियमाप्रमाणे ते स्वतंत्र खनिज ठरतं. तांब्याचे दोन अणू, लोखंडाचा एक, एक आर्सेनेट, चार हायड्रॉक्सिल, पाण्याचे चार रेणू. स्फटिक एकनत. डिसेंबर २०२० मध्ये नवं खनिज म्हणून त्याची घोषणा झाली, नाव दिलं कॉर्नवॉलच्या तिथल्या भाषेतल्या नावावरून.

खाण बंद होऊन शतक उलटलं होतं. नवं खनिज मिळालं ते संग्रहातून. कुणीतरी तो दगड २२० वर्षं चिठ्ठीसकट सांभाळला, म्हणून.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाचं तांबं मोठ्या प्रमाणावर कॉर्नवॉलमधून यायचं. नंतर भाव कोसळले, खाणी बंद पडल्या आणि खाणकामगार देशोधडीला लागले. त्यांतले काही आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणींतही आले. आर्सेनिक मात्र तिथल्या मातीत राहिलं.

(पडद्यावर: दुसरा खण. भुगा झालेला पायराइट, जळाल्यासारखी चिठ्ठी.)

आता हा खण. हे एके काळी पायराइटचे चकचकीत पिवळे घन होते. दमट हवेत पायराइटचं ऑक्सिडीकरण होतं, त्यातून लोहसल्फेटची पांढरट पूड आणि गंधकाम्ल तयार होतं. आम्लाने आधी चिठ्ठी खाल्ली, मग डबी, आणि आता खणाचं लाकूड खातंय. चिमट्यात धरलेला हा कागद तपकिरी, ठिसूळ झाला आहे. त्यावर गावाचं नाव होतं. पहिलं अक्षर दिसतं, पुढचं नाही. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हे दुखणं बळावतं, आणि कोकणात पावसाचे चार महिने ती त्याच्या कितीतरी वर असते. शेजारच्या खणात बुरशी आहे. तळाच्या कपाटाला एकदा वाळवी लागून गेली.

विद्यार्थी कमी झालेत, विभाग किती वर्षं राहील याची चर्चा होत असते.

(पडद्यावर: दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर बारीक निबने लिहिला जाणारा आकडा.)

मुलांनी काम हाती घेतलं आहे. प्रत्येक दगडाच्या न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्यायचा, तो वाळला की काळ्या शाईने क्रमांक घालायचा, वर पारदर्शक लेप लावायचा. तोच क्रमांक नोंदवहीत, तोच डबीवर, तोच फोटोत. चिठ्ठी हरवली तरी दगडाची ओळख हरवणार नाही. मूळ चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत, त्या आम्लरहित कागदात घालून दगडासोबतच ठेवायच्या. पायराइटच्या डब्या हवाबंद, आत सिलिका जेल. आर्सेनेटाच्या डबीवर लाल खूण, आणि हात लावल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं.

अडचण एकच आहे. विभागाची जुनी नोंदवही सापडत नाही. कुठला दगड कुठून आला, कुणी दिला, हे तिच्यात होतं. पण इथे शिकलेल्या प्रत्येकाने प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये नमुन्याचा क्रमांक, नाव आणि सापडल्याचं ठिकाण उतरवून घेतलेलं आहे. तुम्ही इथे भूशास्त्र शिकला असाल आणि ते जर्नल अजून माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या फळीवर असेल, तर ते विभागात आणून द्या, किंवा खनिजांची पानं आहेत त्या पानांचे फोटो काढून द्या. अक्षर खराब असलं तरी चालेल.

हिरव्यांचा खण पूर्ण नोंदवून झाला आहे. पायराइटच्या खणाची पानं सगळ्यात आधी हवी आहेत.