भिंतीवरचा आकडा

(बेळगावातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. निमंत्रणावर ‘एका नाटककाराचं चरित्र’ एवढंच छापलंय. कुठला नाटककार ते मुद्दामच छापलं नाही. छापलं असतं तर निम्मे लोक आले नसते, आणि आलेल्यांतले निम्मे भलत्याच कारणानं आले असते. नाव लॅरी क्रेमर. अमेरिकेतला, समलिंगी, आणि भांडखोर. यातलं भांडखोर हे मी कौतुकानं म्हणतोय.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा हौशी मंडळींनी त्याच्या ‘द नॉर्मल हार्ट’मधले काही प्रवेश घरच्या घरी मराठीत उतरवले आणि इथल्याच एका हॉलमध्ये वाचले. हॉल देणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, “कौटुंबिक आहे न्हवं?” मी म्हटलं, “व्हय की, दोन भावांचं आहे.” यात खोटं काही नव्हतं. भावांकडे मी येतोच.

क्रेमरचा जन्म १९३५चा, कनेक्टिकट राज्यातला. वडील वकील. पोरगा नाटकात रमतो, खेळात रमत नाही, म्हणून वडील त्याला ‘बायल्या’ म्हणायचे. हा शब्द आपल्या घरांतही ऐकलेला असेल. येल विद्यापीठात गेला आणि पहिल्याच वर्षी त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. पुढं सिनेमाच्या धंद्यात शिरला, ‘विमेन इन लव्ह’ची पटकथा लिहिली, तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. पैसा आला, नाव झालं. मग १९७८ साली त्यानं एक कादंबरी लिहिली. समलिंगी पुरुषांना लोक जी शिवी घालतात, तेच तिचं नाव. तीत त्यानं आपल्याच लोकांच्या मौजमजेच्या आयुष्यावर असे कोरडे ओढले की आपलेच लोक तुटून पडले. म्हणजे रोग यायच्या आधीच हा माणूस आपल्या गावात नावडता झाला होता.

आणि मग १९८१. त्याच साली आपल्याकडे तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं. एका मुलीचं मुलीवरचं प्रेम मराठी प्रेक्षकानं खुर्चीत बसून बघितलं, हे आज कुणाला आठवतही नाही. तिकडे त्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या एका विचित्र न्यूमोनियाची सरकारी नोंद झाली. जुलैच्या पेपरात ४१ समलिंगी पुरुषांच्या दुर्मीळ कर्करोगाची बातमी आली. रोगाला अजून एड्स हे नावही नव्हतं. ऑगस्टमध्ये क्रेमरनं ऐंशीएक जणांना न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी बोलावलं, एका डॉक्टरला बोलायला लावलं आणि वर्गणी फिरवली. ६,६३५ डॉलर जमले. त्यातूनच १९८२च्या सुरुवातीला ‘गे मेन्स हेल्थ क्रायसिस’ ही संस्था उभी राहिली. आजारी माणसाला जेवण पोचवायचं, फोनवर माहिती द्यायची, दवाखान्यात सोबत बसायचं, असली कामं.

वर्षभरातच संस्थेत दोन तट पडले. बाकीचे म्हणत, सबुरीनं घेऊ, महापौरांना दुखवायला नको. हा म्हणे, महापौरांच्या दारात जाऊन ओरडू. शेवटी ज्यानं संस्था काढली तोच बाहेर पडला. चळवळीत दोन गट कसे पडतात, हे बेळगावकरांना समजावून सांगायला मला न्यूयॉर्कचा दाखला द्यायची गरज नाही. (हशा)

पण बाहेर पडण्याच्या सुमाराला, मार्च १९८३मध्ये, त्यानं एक लेख लिहिला. शीर्षक होतं, ‘१,११२ आणि मोजणी चालू’. लेखाचं नाव म्हणजे नुसता रुग्णांचा आकडा. मजकुराचा सूर असा, की हे वाचूनही तुम्हाला राग येत नसेल तर आपलं काही खरं नाही. मग तो युरोपात गेला. म्युनिकजवळची डाखाऊची छळछावणी बघितली. ती १९३३ साली सुरू झाली होती, म्हणजे महायुद्धाच्या कितीतरी आधी. इतकी वर्षं सगळं जग काय करत होतं, हा प्रश्न डोक्यात घेऊन परतला आणि नाटक लिहायला बसला.

एप्रिल १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये ‘द नॉर्मल हार्ट’ उघडलं. नेपथ्य म्हणजे पांढऱ्या रंगवलेल्या भिंती. त्यांवर रंगानं लिहिलेली माहिती, मेलेल्यांची नावं, आणि ठळक जागी देशातल्या रुग्णांचा ताजा आकडा. नाटकाचे प्रयोग चालू असताना आकडा वाढायचा. वाढला की जुना खोडायचा आणि त्याच्याच खाली नवा लिहायचा. खोडलेला पुसायचा मात्र नाही, तो दिसत राहिला पाहिजे. २९४ प्रयोग झाले. मी आयुष्यभर हौशी नाटकं केली, नेपथ्यात कमानी, पडदे, तुळशीवृंदावन सगळं केलं, पण रोज वाढणारी अशी भिंत मला कधी सुचली नसती.

आता भाऊ. नाटकाचा नायक नेड म्हणजे क्रेमरच. त्याचा मोठा भाऊ बेन श्रीमंत वकील, धाकट्यावर जीव असलेला. प्रत्यक्षातला भाऊ आर्थरही वकीलच. बेन मोठं घर बांधण्यात गुंतलाय. नेडचं मागणं एकच: मी तुझ्यासारखाच आहे, तुझ्या बरोबरीचा आहे, एवढं तोंडानं म्हण. बेनला ते म्हणवत नाही. प्रेम आहे, पैसे द्यायची तयारी आहे, पण ‘बरोबरीचा’ हा शब्द घशातून बाहेर येत नाही.

ह्या जागी मला नेहमी सौंदत्तीचा डोंगर आठवतो. यल्लम्माच्या जत्रेत लुगडं नेसलेला, डोक्यावर देवीचा जग घेतलेला जोगता आला की आपण बाजूला होतो, त्याच्या पाया पडतो, ‘उदं गं आई उदं’ म्हणतो. आणि लुगडं नेसलेला पुरुष नाटकात आपल्याला किती प्रिय! मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांच्याच मंडळीत १९०५ साली बालगंधर्व आले. देवळात जागा आहे, रंगमंचावर जागा आहे. जेवायच्या पंगतीत, सख्ख्या भावाच्या शेजारच्या पाटावर मात्र नाही. मला वाटतं बेनचं दुखणं आपल्याला जवळचं आहे ते असं.

दुसरा एक प्रवेश दुधाचा. नेडचा जोडीदार फेलिक्स आजारी आहे, काही खात नाही, जमिनीवर बसून राहिलाय. नेड बाजार घेऊन येतो आणि संतापानं एकेक जिन्नस त्याच्यापुढं आपटतो. भाजी, ब्रेड, शेवटी दूध. तालमीत मी म्हटलं, दूध खरंच फोडायचं. मग पिशवी कर्नाटकाच्या नंदिनीची आणायची की महाराष्ट्राच्या गोकुळची, यावर दहा मिनिटं गेली. असा वाद फक्त बेळगावात होऊ शकतो. शेवटी नंदिनी आणली, कारण ती हॉलसमोर मिळत होती. वाचताना पिशवी आपटली, फुटली, दूध पहिल्या रांगेच्या चपलांपर्यंत गेलं. कुणी पाय वर घेतला नाही.

पुढचं आयुष्य भराभर सांगतो. मार्च १९८७मध्ये एका भाषणात त्यानं सभागृहातल्या दोन तृतीयांश लोकांना उभं राहायला सांगितलं आणि म्हणाला, तुम्ही पाच वर्षांत मेलेले असू शकता. दोनच आठवड्यांत त्या भाषणातून निघालेली ‘ॲक्ट अप’ ही संघटना वॉल स्ट्रीटवर रस्ता अडवून बसली. एझेडटी हे एड्सवरचं पहिलं औषध तेव्हा वर्षाला सुमारे १०,००० डॉलरला पडायचं. १९८९ साली संघटनेच्या सात जणांनी शेअर बाजाराच्या सज्ज्यात स्वतःला साखळदंडानं बांधून घेतलं आणि काही दिवसांतच कंपनीनं किंमत २० टक्क्यांनी उतरवली. औषधाच्या किमतीवर रोग्यानं ओरडायचं असतं, हे जगाला तिथं कळलं.

आपल्या देशात १९८६ साली चेन्नईत या रोगाची पहिली लागण सापडली. पुढं उत्तर कर्नाटकातल्या ज्या जिल्ह्यांत ती जास्त पसरली, त्यांत आपला जिल्हा होता. देवदासींच्या घरांतून काय झालं ते इथल्या वयस्कर मंडळींना माहीत आहे. शेजारी सांगलीत ‘संग्राम’नं १९९२पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांना हाताशी धरून काम केलं. २००१ साली सिप्लानं या रोगावरची औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली आणि २००४च्या एप्रिलपासून सरकारनं ती फुकट द्यायला सुरुवात केली.

क्रेमरनं १९८८ साली ज्या सरकारी डॉक्टरला जाहीर पत्रातून खुनी म्हटलं, ते अँथनी फाउची. कोरोनात आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेले तेच. पुढं दोघांची दाट मैत्री झाली. क्रेमरला स्वतःलाही एचआयव्ही होता. २००१ साली यकृत बदललं, तेव्हा एका वृत्तसंस्थेनं तो गेल्याची बातमीही देऊन टाकली. त्यानंतर तो आणखी १८ वर्षं भांडला. २०११ साली नाटक ब्रॉडवेवर आलं तर पंचाहत्तरीचा हा म्हातारा स्वतःच्याच नाटकाच्या दारात उभा राहून पत्रकं वाटायचा: ही माणसं खरी होती, रोग अजून गेलेला नाही. २०१३ साली जोडीदाराशी लग्न केलं तेही दवाखान्यात, अतिदक्षता विभागात. गेला २७ मे २०२० रोजी.

आमचं वाचन संपल्यावर एक वीसेक वर्षांचा मुलगा थांबला. खानापूरकडचा असावा, शेवटच्या बसची घाई दिसत होती. तरी फडकं घेऊन आमच्याबरोबर दूध पुसायला बसला. पुसता पुसता, मान वर न करता म्हणाला, “सर, भाऊ शेवटी येतोय काय?” मी म्हटलं, “येतो. मिठी मारतो.” तो म्हणाला, “मग ते का नाही वाचलं?”

वेळ नव्हता म्हणून कापलं होतं. साडेआठला हॉल रिकामा करून द्यायचा होता.

आर्थर क्रेमरनं पुढं, २००१ साली, येलला समलिंगी विषयाच्या अभ्यासासाठी भावाच्या नावानं दहा लाख डॉलर दिले. हे त्या मुलाला सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

आज हॉल नऊपर्यंत आपला आहे. मी विचारून ठेवलंय. तो शेवटचा प्रवेश आम्ही आत्ता वाचतो, बेनचं मी वाचतो. आठ मिनिटं लागतील. दूध आणलेलं नाही, पुढच्या रांगेतल्यांनी निर्धास्त बसावं.