सोपान : तिसऱ्या रकान्यात गेलेलं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजच्या प्रवेशाची यादी फलकावर लागते, तेव्हा आपण सगळे आपल्या मुलाचं नाव शोधतो. आडनाव, मुलाचं नाव, वडिलांचं नाव असे तीन रकाने असतात. पुढच्या वेळी पुणे, सोलापूर, बीड किंवा जळगाव जिल्ह्यातली अशी यादी दिसली, तर तिसरा रकाना सावकाश वाचा. ज्ञानोबा, निवृत्ती, तुकाराम, एकनाथ, नामदेव अशी नावं दिसतील आणि त्यांच्यात कुठेतरी सोपान भेटेल. मग दुसरा रकाना वाचा. तिथे आदित्य आहे, ओंकार आहे, प्रथमेश आहे. ज्ञानेश्वरही सापडतो. सोपान मात्र क्वचितच.

आज मी याच नावाबद्दल बोलणार आहे. कालपर्यंत गावोगावच्या हजेरीपटावर असलेलं हे नाव आता दुर्मिळ झालंय आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते.

सोपान म्हणजे पायऱ्या, जिना, वर नेणारी वाट. शब्द संस्कृतातला आणि चांगला जुना. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष आपल्या अलकानगरीतल्या घराची खूण सांगताना तिथल्या विहिरीचं वर्णन करतो. त्या विहिरीचा सोपानमार्ग पाचूच्या शिळांनी बांधलेला आहे. तुलसीदासांनी रामचरितमानसाच्या सात कांडांना सात सोपान म्हटलं. मानस म्हणजे सरोवर, आणि त्या सरोवरात उतरायच्या या सात पायऱ्या. प्रत्येक कांड संपताना 'प्रथम सोपान समाप्त', 'द्वितीय सोपान समाप्त' असं लिहिलेलं असतं. केरळात तर मंदिरातल्या गायनाच्या एका परंपरेचं नावच सोपान संगीत आहे. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या बाजूला उभं राहून, इडक्का नावाच्या वाद्याच्या साथीनं ते गातात.

शब्द असा देशभर फिरला. माणसाला हाक मारायचं नाव म्हणून तो आपल्याकडे रुजला, त्याला आळंदीचं एक घर कारण आहे.

विठ्ठलपंतांची कथा आपल्याला ठाऊक आहे. गोदाकाठच्या आपेगावचे विठ्ठलपंत. लग्न झालेलं असताना त्यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. मागे पत्नी आहे हे कळल्यावर गुरूंनी त्यांना परत संसारात पाठवलं. संन्यासी पुन्हा गृहस्थ झाला, हे त्या काळच्या समाजाला सोसलं नाही. घर वाळीत पडलं. त्या वाळीत पडलेल्या घरात चार मुलं जन्मली. परंपरेनं सांगितलेले त्यांचे जन्मशक असे आहेत : 1195, 1197, 1199 आणि 1201. म्हणजे इसवी सन 1273 ते 1279. त्यांची नावं निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता.

ही नावं एका दमात म्हणून पाहा. निवृत्ती, म्हणजे संसारातून मन काढून घेणं. मग ज्ञान. मग सोपान. शेवटी मुक्ती. कीर्तनकार हा क्रम फार सुंदर उलगडून सांगतात आणि वारकऱ्यांच्या घरात तो लहान मुलालाही माहीत असतो. मला त्यात आणखी एक गोष्ट जाणवते. ज्याला संन्यास सोडावा लागला, त्या बापाच्या घरातल्या पहिल्या मुलाचं नाव निवृत्ती आहे. स्वतःला जी वाट पुरी करता आली नाही, ती विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी लेकरांच्या नावांत घालून ठेवली, असं मी समजतो. त्या वाटेवर सोपानाची जागा कुठे आहे, ते बघा. ज्ञानाच्या पुढे आणि मुक्तीच्या अलीकडे. ज्ञान झालं तरी चढायचं उरतंच, आणि ते चढणं म्हणजे हा तिसरा मुलगा.

सोपानदेवांविषयी आपण फार कमी बोलतो. थोरले निवृत्तिनाथ गुरू, मधले ज्ञानेश्वर सगळ्यांची माउली, धाकटी मुक्ताई ताटीच्या अभंगांनी घराघरात पोचलेली. या तिघांच्या मध्ये सोपान जरा मागे उभे दिसतात. त्यांचे थोडे अभंग आहेत, आणि गीतेवरची 'सोपानदेवी' ही रचना परंपरा त्यांच्या नावावर सांगते. नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली, तेव्हा ते जेमतेम तेरा वर्षांचे असतील. आईवडील गेलेले. शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत केलेली पायपीट झालेली. शके 1218 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. पुढच्याच महिन्यात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेवांनी सासवडला कऱ्हेच्या काठी समाधी घेतली. वय वर्षं एकोणीस. नामदेवरायांचे समाधीचे अभंग वाचले की हे सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं.

एकोणीस वर्षांच्या या मुलाला वारकरी 'सोपानकाका' म्हणतात. सत्तरी ओलांडलेले म्हातारेसुद्धा काकाच म्हणतात.

आषाढीच्या वारीत माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला मुक्कामाला येते. ती तिथे असतानाच सोपानकाकांची पालखी पंढरपूरकडे निघते, पण वेगळ्या वाटेनं. पुढे बरेच दिवस दोन्ही सोहळे आपापल्या मार्गानं चालतात, आणि पंढरपूर जवळ आलं की वेळापूर आणि भंडीशेगावच्या दरम्यान, टप्पा नावाच्या ठिकाणी, दोघांची गाठ पडते. तिला बंधुभेट म्हणतात. रथाला रथ भिडवतात. दोन्हीकडचे मानकरी एकमेकांना नारळ देतात. टाळ-मृदंग एकदम वाढतो, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात, ओळख असो वा नसो. उन्हातान्हात चालून काळवंडलेले चेहरे, कपाळावर विस्कटलेला बुक्का, डोळ्यांना पदर लावलेल्या बायका. साडेसातशे वर्षांपूर्वीचे दोन भाऊ भेटतायत, हे त्या गर्दीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

हीच माणसं घरी परतल्यावर नातवंडांची नावं ठेवायची. म्हणून एकेका घरात चारही नावं सापडत. थोरला निवृत्ती, दुसरा ज्ञानदेव, तिसरा सोपान आणि त्यांच्या पाठीवर मुलगी झाली की मुक्ता, ठरलेलंच. गावात मग त्याचा सोपाना व्हायचा, पुढे सोपानराव, सोपानअण्णा, सोपानतात्या.

या नावाच्या एका माणसाचं मराठीवर मोठं ऋण आहे. ते म्हणजे कवी सोपानदेव चौधरी, बहिणाबाईंचे चिरंजीव. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्यांच्या तोंडून ओव्या यायच्या. त्यांतल्या काही सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं टिपून ठेवल्या. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांना त्या कवितांचं मोल तिथल्या तिथे कळलं. 1952 साली पुस्तक निघालं आणि त्याला प्रस्तावना अत्र्यांचीच होती. आता योगायोग बघा. अत्रे सासवडजवळच्या कोढीतचे. सोपानकाकांच्या समाधीच्या परिसरात वाढलेला माणूस, आणि खानदेशातून आईच्या कविता घेऊन आलेला दुसरा सोपान. मुलानं ती वही जपली नसती, तर त्या ओव्या बहिणाबाईंबरोबरच गेल्या असत्या.

मग एवढं नाव मागे का पडलं? एक कारण उघड आहे. शहरात आलेल्या पिढीला संतांची नावं खेडवळ वाटू लागली. शाळेत पोराला कुणी हसू नये म्हणून आईबापांनी नितीन, सचिन, राहुल अशी नावं ठेवली. त्यांची काळजी मला समजते. दुसरं कारण आपल्या घरांतच होतं. सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. नातवाला आजोबांचं नाव ठेवलं तरी त्याला हाक मारताना ते उच्चारायचं कसं? म्हणून कागदावर सोपान, आणि घरात तो बापू, आबा, नाहीतर दादा. एकदा नाव असं तोंडातून गेलं की पुढच्या पिढीला ते सुचत नाही. तिसरं कारण, ज्ञानेश्वर आणि तुकाराम ही नावं पाठ्यपुस्तकातून, चित्रपटातून सतत कानावर पडत राहिली. सोपानदेव तेवढे कानावर आले नाहीत.

आता ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे, त्यांच्याशी थोडं बोलतो.

पंचांगात पूर्वाभाद्रपदा नक्षत्राची चार अक्षरं आहेत : से, सो, दा, दी. दुसऱ्या चरणावर जन्मलेल्या बाळाला 'सो' अक्षर येतं, रास कुंभ. हे अक्षर आलं की घरात मोठा खल होतो. सोहम आठवतो, सोमनाथ आठवतो, आणि मग सगळे मोबाईल उघडून बसतात. त्या यादीत सोपान नक्की लिहा. हल्ली विहान, ईशान, अयान अशी शेवटी 'आन' येणारी नावं मोठ्या हौसेनं ठेवतात. त्यांच्या शेजारी सोपान म्हणून पाहा, कानाला कुठेच खटकत नाही. उच्चार सरळ आहे, जोडाक्षर नाही, परदेशात वाढणाऱ्या मुलालाही ते म्हणता येईल. आणि कुणी अर्थ विचारला तर सांगायला आळंदी आहे, सासवड आहे, बंधुभेट आहे, बहिणाबाईंचा मुलगा आहे. इतका ऐवज मागे असलेली नावं फार नाहीत.

बारशाला आजी नसेल, तर तिला फोन लावून नाव आधी सांगा. वारकरी घरातली असेल तर ती लगेच विचारेल, "अगं, मग थोरला निवृत्ती कुठंय?" तिला सांगायचं की हा क्रम संतांच्या घरचा. आपल्याकडे पहिला मुलगाही सोपान असू शकतो, आणि एकुलता एकसुद्धा.

नमस्कार.